परिणाम आढळत नाही

पूर्वसूरीनं विशाखा रोजेचा प्रश्न बंद असल्याचं कळवलं, तेव्हा ती विद्यापीठाच्या कँटीनमध्ये उप्पीट खात होती. फोनवर निळी पट्टी आली. ‘आपला संशोधन-प्रश्न: बंद. निश्चिती सत्त्याण्णव टक्के. पर्यायी प्रश्नांसाठी येथे स्पर्श करा.’ तिनं पट्टी पुन्हा एकदा वाचली आणि चमचा बशीत ठेवला. हा तिचा दुसरा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, होता. तिसराही परत आला की नोंदणी रद्द, असा नियम होता. विद्यापीठात बाकी काही वेळेवर होवो न होवो, नोंदण्या मात्र अगदी वेळेवर रद्द होत.

जुन्या काळी पीएच.डी. करणाऱ्याची पहिली दोन वर्षं ‘लिटरेचर रिव्ह्यू’ नावाच्या रानात जायची. आपल्या विषयावर आधी कोण काय म्हणून गेलंय ते शोधायचं, वाचायचं, त्यात काय राहून गेलंय ती फट दाखवायची आणि त्या फटीत आपला प्रश्न बसवायचा. पूर्वसूरी, म्हणजे विद्यापीठांनी बसवलेलं वाचणारं यंत्र, हे सगळं चहा निवायच्या आत करायचं. कुठल्याही भाषेतला प्रबंध, शोधनिबंध, सरकारी अहवाल ते वाचायचं आणि त्यातून विधानं वेगळी काढायचं. अमक्यामुळे तमकं होतं, तमक्यामुळे होत नाही. मग ही विधानं एकमेकांना बांधून त्यांचं जाळं विणायचं. ज्या विधानाला पुष्कळांचा, आणि तेही एकमेकांवर न विसंबणाऱ्यांचा, दुजोरा मिळेल त्याची गाठ घट्ट. जाळ्यात भोक दिसलं तर तिथे संशोधनाला वाव. गाठ घट्ट असेल, तर तुमच्या संशोधनाचा निष्कर्ष ते संशोधनाआधीच सांगून टाकायचं. खात्री पंच्याण्णव टक्क्यांवर गेली की प्रश्न बंद. पोरं त्याला आजोबा म्हणायची, कारण काहीही विचारलं तरी ते आजोबांच्या काळात होऊन गेलेलंच असायचं.

बंद प्रश्नावर संशोधन करू न देण्याचा हा नियम वाईट हेतूनं केलेला नव्हता, हेही सांगायला हवं. त्याआधी एकाच पाड्यावरच्या बायकांच्या बोटात दर वर्षी एखादा नवा विद्यार्थी रक्तक्षयाच्या अभ्यासासाठी सुई टोचायचा आणि दर वर्षी तेच उत्तर घेऊन बसनं परत यायचा. त्या बायकांना ना गोळ्या मिळायच्या ना उत्तर कळायचं. म्हणून ठरलं, की ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते विचारायला माणसांच्या दारात जायचं नाही. विशाखालाही तेव्हा हे मनापासून पटलं होतं.

तिचा प्रश्न मात्र तिला कुठल्या पुस्तकात सापडलेला नव्हता. तो इचलकरंजीत, तिच्या भावाच्या घरात, चार वर्षांचा होऊन फिरत होता.

भाऊ विनायक. त्याचे आठ यंत्रमाग, जुने, सूत वाहणारा धोटा इकडून तिकडे आपटणारे. गावाबाहेर बिनधोट्याच्या मागांच्या चकचकीत शेड उभ्या राहिल्या होत्या, पण गल्लीबोळात असे आठ-आठ मागांचे कारखाने अजून खडखडत होते आणि त्या प्रत्येकात एक तरी बाई धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायच्या मशीनवर बसलेली असायची. विनायककडे ती बाई म्हणजे त्याची बायको, कोमल. स्वराजच्या वेळी ती नववा महिना लागेपर्यंत मशीनवर होती. स्वराज आता चार वर्षांचा होता आणि हाक मारली तर वळायचा नाही. समोर उभं राहून बोललं तर ओठांकडे टक लावून बघायचा. विनायक म्हणायचा, पोरगं नादिष्ट आहे. विशाखा सार्वजनिक आरोग्य शिकली होती. तिला पोराच्या नादिष्टपणाचं कारण वेगळंच वाटत होतं, आणि शेजारच्या तीन घरांत तसलीच नादिष्ट पोरं दिसल्यावर तिची झोप उडाली.

त्या शनिवारी ती घरी गेली तेव्हा कोमल भाकरी थापत होती. तवा उतरवून तिनं आधी दाराकडे पाहिलं. विनायक कारखान्यात होता.

“वन्सं, तिसरा लागलाय मला,” ती हळूच म्हणाली. “आता तुम्ही शिकलेल्या. स्वराजचं ते मागामुळं झालंय का? या खेपेला मशीनवर बसू का नको, तेवढं सांगा.”

विशाखानं सांगितलं. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरची शिट्टी ऐकू येत नाही, पण इंजिनाची घरघर अंगात शिरते. पोटातल्या बाळाचं तसंच असतं. बारीक आवाज आईच्या अंगात विरून जातात, जाड, घुमणारे आत पोचतात, आणि मागाचा आवाज तर सगळा तसलाच. बाळाचा कान पाचव्या महिन्याच्या सुमाराला ऐकू लागतो. त्याआधी फारसं काही बिघडत नसावं. त्यानंतर रोज आठ-दहा तास तो मार बसला, तर कोवळ्या कानाचं काय होईल?

“म्हणजे चौथा सरला की उठायचं,” कोमल म्हणाली.

“हो. मग प्रसूत होईपर्यंत कारखान्याच्या भिंतीलासुद्धा टेकायचं नाही.”

“अहो म्हणतील, सिद्ध कुठं झालंय.”

आणि विनायक जेवताना अगदी तेच म्हणाला. आरोग्य खात्याचं ॲप त्यानं पुढ्यात धरलं. ते ॲपही पूर्वसूरीच्याच जाळ्यातून उत्तरं काढायचं. ‘गर्भारपणात यंत्रमागाच्या आवाजाचा बाळाच्या श्रवणावर परिणाम आढळत नाही.’ खाली जगभरच्या विद्वानांची नावं. “ही एवढी माणसं खुळी, आणि तू एकटी शहाणी व्हय गं?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. कांडीला बाहेरची बाई ठेवायची तर त्याला स्वतःला रात्रपाळीही ओढावी लागणार होती. विशाखानं जेवण सोडून त्याची विनवणी केली. शेवटी तो ताटावरून उठत म्हणाला, “बरं. तुझ्या शब्दाखातर.”

कोल्हापूरला परतल्यावर विशाखानं तो प्रश्न बंद करणारं जाळंच हातात घ्यायचं ठरवलं. हल्ली असं कुणी करत नसे. पूर्वसूरी निष्कर्ष द्यायचं, संदर्भ सुबक मांडून द्यायचं, वर संकल्पनात्मक चौकटही आखून द्यायचं. चौकोन, बाण, सगळं तयार. तिच्या विषयाच्या चौकटीत ‘यंत्राचा आवाज’ असा एक चौकोन होता, ‘बाळाचे श्रवण’ असा दुसरा होता आणि दोघांच्या मधे बाण नव्हता. त्या कोऱ्या जागेला चारशेहून जास्त शोधनिबंधांचा आधार होता. ती एकेक उघडून वाचत सुटली.

चारशेंनी एकाच मूळ अभ्यासाचं नाव घेतलं होतं. उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या सूतगिरण्यांमधला, पन्नास वर्षांपूर्वीचा अभ्यास. तो कुठे लपवून ठेवलेला नव्हता. कुणीही उघडावा असा होता, फक्त कुणी उघडला नव्हता. त्या देशात कायदाच असा होता, की बाई गरोदर आहे असं कळलं की चौथ्या महिन्यात तिला यंत्रशाळेतून हलवून कचेरीत बसवायचं. निबंधात शब्द होते, ‘चौथ्या महिन्यात यंत्रशाळेतून हलवलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये परिणाम आढळला नाही.’ आढळणार कसा? बाळाचा कान उघडायच्या आतच आई बाहेर पडली होती. पुढे कुणा आढावा लिहिणाऱ्यानं जागा वाचवायला वाक्याचा पुढचा भाग छाटला आणि ‘परिणाम आढळत नाही’ एवढंच ठेवलं. तिथून पुढे सगळ्यांनी ते त्याच्याकडून उचललं. पण उचलताना त्याचं नाव कुणी दिलं नाही. आपण मूळ निबंधच वाचलाय अशा थाटात सगळ्यांनी मूळ निबंधाचं नाव ठोकलं. आढावेकऱ्यानं पानाचा आकडा चुकवला होता, तो चुकलेला आकडासुद्धा जवळजवळ सगळीकडे तसाच उतरला होता.

संशोधनाच्या धंद्यात ही चोरी कुणी चोरी मानत नाही. दुसऱ्याच्या प्रबंधातले संदर्भ आपल्या प्रबंधात घ्यायचे, मूळ पुस्तकाचं तोंड न बघता. सगळेच करतात, गाईडही त्यावर डोळेझाक करतात. माणसामाणसांत ते खपून जायचं, कारण वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. यंत्राला ठाऊक नव्हतं. चारशे जण मूळ निबंध वाचल्याचं लिहितायत म्हणजे चारशे जणांनी तो वाचला, स्वतःच्या डोक्यानं तोलला आणि मान्य केला, असं पूर्वसूरीनं सरळ मनानं धरलं. मूळ निबंध त्यानंही वाचला होता. पण जाळ्यात तो चारशेंतला एक.

विशाखानं सविस्तर हरकत नोंदवली. उत्तर तासाभरात आलं. ‘हरकत नोंदवली. विरुद्ध स्वतंत्र दुजोरे: चारशेहून अधिक. निश्चितीत फरक नाही. नवी निरीक्षणे असल्यास सादर करावीत.’

तिची गाईड डॉ. कुंदा शिंगटे. निवृत्तीला टेकलेली, विद्यार्थ्यांवर जीव असलेली बाई. त्यांनी सगळे कागद चष्मा पुसून पुसून वाचले.

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या.

“मग मॅडम, कमिटीपुढे मांडू या.”

“काय मांडणार? नवी निरीक्षणं आणा, म्हणतात. निरीक्षणं आणायची तर बायकांच्या घरी जायला परवानगी हवी. परवानगी हवी तर प्रश्न उघडा हवा. आणि प्रश्न तर बंद आहे.” त्यांनी कागद तिच्याकडे सरकवले. “शिवाय त्या चारशे नावांत आपल्या कमिटीतली तिघं आहेत. मीही आहे.”

मॅडमच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून विशाखानं खिडकीकडे बघितलं.

परवानगीशिवाय तिनं जे करायचं ते करून पाहिलं. फोनला जोडायचं स्वस्तातलं श्रवण-तपासणीचं उपकरण घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी गल्ल्या पालथ्या घातल्या. ज्या आया पाचवा लागल्यावरही मशीनवर होत्या, त्यांच्या जवळपास निम्म्या पोरांना जाड आवाज कमी ऐकू येत होते. तिनं ते लिहून एका नियतकालिकाला पाठवलं. तिथंही आलेला प्रत्येक लेख आधी पूर्वसूरीतून जायचा. ‘निष्कर्ष प्रस्थापित ज्ञानाशी विसंगत. मापनातील त्रुटी संभवते.’ वर परवानगी न घेता लहान मुलांची तपासणी केल्याबद्दल विद्यापीठाची नोटीस. उत्तर देता देता तिच्या नाकी नऊ आले. तिच्यासारखेच आणखी किती जण, कुठल्या कुठल्या गावांत, खरे आकडे घेऊन असे दारातूनच परत गेले असतील, हा विचार तिला एके दुपारी ग्रंथालयात आला आणि तिथेच तिला रडू कोसळलं. जाळं दिवसेंदिवस घट्ट होत होतं, कारण त्याला न पटणारं काही त्यात शिरतच नव्हतं.

तिसऱ्या सिनॉप्सिसची मुदत जवळ आली. ज्या कॉलेजात ती तासिकेवर शिकवत होती, तिथे प्राचार्यांनी सांगून टाकलं की पीएच.डी.ची नोंदणी गेली तर पुढच्या वर्षी तासही जातील. लग्नाचं तर तिनं कधीच बाजूला ठेवलं होतं. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी तिच्याकडे हातात धरण्यासारखी ही नोंदणी तेवढी होती.

शिंगटे मॅडमनी तिला घरी बोलावलं, पोहे केले आणि पूर्वसूरीनं सुचवलेला पर्यायी प्रश्न स्वतः उघडून दाखवला. ‘यंत्रमागाचा आवाज आणि गरोदर स्त्रियांची झोप.’ फट मोठी, खर्च कमी, चौकट तयार.

“वाईट विषय नाही गं. बायका झोपतच नाहीत तिथे.”

विशाखानं चौकट पाहिली. आवाज, झोप, थकवा, बाळाचं वजन, सगळीकडे बाण. एका कोपऱ्यात ‘बाळाचे श्रवण’ आणि त्याभोवती तुटक रेषा. या घटकाचा विचार का केला नाही याचं कारण रिव्ह्यूच्या प्रकरणात देणं आवश्यक, अशी टीप.

“म्हणजे ते वाक्य लिहायचं मी.”

“एक वाक्य आहे.”

“मूळ वाक्य पूर्ण लिहिते मग. चौथ्या महिन्यात हलवलेल्या बायका, असं.”

“पूर्वसूरी ते घेणार नाही. विसंगती दाखवेल आणि प्रकरण परत पाठवेल. मी करून बघितलंय, तुझ्या आधीच्या एका मुलीसाठी.” मॅडमनी तिच्या बशीत आणखी पोहे वाढले. “आधी पदवी घे बाई. पायाखाली जमीन आली की मग भांड. बाहेर राहून तुझं कोण ऐकणार आहे?”

विशाखाला मॅडमचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती आणि तिच्या अंगातली कुवत संपली होती. आठवडाभर तिनं सिनॉप्सिससोबत द्यायचं ते प्रकरण लिहिलं. बाकीचं सगळं तिनं मूळ वाचून लिहिलं, एकही संदर्भ उसना घेतला नाही. त्या जागी आल्यावर मात्र तिनं डोळे मिटून घ्यावेत तसं पटकन टाइप केलं. ‘गर्भारपणातील यंत्रमागाच्या आवाजाचा बाळाच्या श्रवणावर परिणाम आढळत नाही.’ कंसात मूळ अभ्यासाचं नाव. पानाचा आकडा तेवढा तिनं बरोबर घातला, आणि त्या बरोबर आकड्याचीच तिला जास्त लाज वाटली.

सिनॉप्सिस पहिल्या फटक्यात मंजूर झाला. कमिटीतल्या एका गृहस्थांनी तर तिच्या रिव्ह्यूचं कौतुक केलं. मंजूर झालेलं प्रकरण त्याच दिवशी पूर्वसूरीत जमा व्हायचं. ते जमा झालं.

या सगळ्या धबडग्यात तिला महिनोन् महिने इचलकरंजीला जाणं झालं नव्हतं. खरं तर जाववत नव्हतं. फोनवर कोमल ‘बरं आहे’ म्हणायची, तीही ‘बरं आहे’ म्हणायची आणि दोघी ठेवून द्यायच्या. आता नोंदणी टिकली होती. मंजुरीनंतर महिना-सव्वा महिन्यानं पेढे घेऊन ती निघाली. गल्लीच्या तोंडाशीच मागांचा आवाज छातीत शिरला. घराला कडी होती. स्वराज ओट्यावर एकटाच खेळत होता. तिनं मागून हाक मारली, तो वळला नाही. मग पुढे जाऊन तिनं त्याच्या हातात पेढा दिला, तेव्हा तो हसला आणि त्यानं कारखान्याकडे बोट केलं.

कोमल कांडीच्या मशीनवर होती. पोट मशीनच्या फळीला टेकलेलं, हात झरझर चाललेले. विशाखाला बघून तिचा चेहरा खुलला. कारखान्यात कुणी ओरडून बोलत नाही, ओठ मोठे हलवून बोलतात. ती तसंच काहीतरी बोलली. विशाखानं तिचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच बाहेर मोरीपाशी आणलं. विनायकही माग सोडून मागोमाग आला.

“तू आत का बसलीस? कधीपासून?” विशाखाचा आवाज चिरकला.

कोमल गोंधळली. “महिना झाला की. तुम्हीच लिवलंय नव्हं?”

“काय लिहिलंय मी?”

विनायकनं खिशातून फोन काढला. आरोग्य खात्याचं ॲप. तेच उत्तर. नव्यात नवा आधार सगळ्यात वर दाखवायची त्या ॲपची पद्धत होती, आणि सगळ्यात वर होतं, ‘रोजे, विशाखा’.

“रात्रपाळ्यांनी मला चक्कर यायला लागली होती,” विनायक म्हणाला. “तरी हिला म्हणालो नव्हतो, बस म्हणून. हिनंच बघितलं ते.”

“त्या फोनातल्या मशीनवर माझा इश्वास न्हवता वन्सं,” कोमल म्हणाली. “एवढ्या सायबांची नावं होती, तरी बसले न्हवते. तुमचं नाव दिसलं तवा म्हटलं, वन्संनी सगळं तपासून बघितलं असंल. आपल्या पोटच्या पोराचं असल्यागत बघितलं असंल.”

विशाखानं सांगायचा प्रयत्न केला. नोंदणी, कमिटी, बंद प्रश्न, ते एक वाक्य. बोलता बोलता तिच्याच कानांना ते सगळं फालतू वाटायला लागलं. विनायक खाली मान घालून ऐकत होता.

“म्हणजे जे लिहिलंस ते खोटं,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“आणि आम्हाला आधी सांगितलंस ते खरं.”

“हो, दादा.”

त्यानं मान हलवली आणि तो आत गेला. मागोमाग एकेक माग थांबत गेला, आठही थांबले, आणि गल्लीत अचानक शेजारच्या कारखान्यांचा खडखडाट मोठा झाला. कोमल मोरीच्या कट्ट्यावर टेकली होती. तिनं एक हात पोटावर ठेवला होता. विशाखा तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, वहिनी, आजपासून उठ, अजून वेळ आहे, जेवढं वाचेल तेवढं.

कोमलनं तिच्याकडे बघितलं. ती रागावली असती तर विशाखाला सोसलं असतं.

“आठवा लागलाय वन्सं,” ती म्हणाली. “ज्यानं जे ऐकायचं ते ऐकलं असंल आतापातुर.”

मग ती कट्ट्याला धरून उठली आणि स्वराजला जेवायला घालायला घरात गेली.